फळमाशीचा सापळा लावण्याआधी हे वाचा

आधी माशी कोणती ते पाहा. ओट्यावरच्या पिकल्या केळ्यांभोवती घोंगावतात ती चिलटं. त्यांना आंबूस वास ओढतो. वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब ठेवलेत तरी त्यांचा बंदोबस्त होतो. आमच्या सापळ्याकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत, तेव्हा स्वयंपाकघरासाठी हा सापळा घेऊ नका.

गच्चीवरच्या पेरूत किंवा सोसायटीच्या आवारातल्या आंब्यात अळ्या करते ती खरी फळमाशी, साधारण घरमाशीएवढी असते. पंख पारदर्शक, पाठीवर दोन पिवळे पट्टे. मादी मागच्या टोकदार नळीने साल भोसकून आत अंडी घालते. फळावर टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, भोवतीची साल किंचित खोलगट होते, दाबली तर मऊ लागते. फळ कापून ताटलीत ठेवलंत तर आतल्या पांढऱ्या अळ्या अंगाचं वेटोळं करून चक्क उड्या मारतात. ही खूण दिसली की शंका नको.

वडीत काय आहे

सापळा म्हणजे एक डबा आणि त्यात नर माश्यांना ओढणाऱ्या वासाची वडी. बाजारात याला सरसकट 'कामगंध सापळा' म्हणतात, म्हणजे मादीच्या वासाने नराला बोलावणारा, पण आंबा-पेरूच्या सापळ्यातला वास मादीचा नाही, झाडाचा आहे. तो वास मिथाइल युजेनॉल या द्रव्याचा. ते तुळशीतही असतं, म्हणून कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर कधी कधी या फळमाशीचे नर बसून पान चाटताना दिसतात. बिहारमधल्या पुसा इथे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली सिट्रोनेला या सुवासिक गवताच्या तेलावर नर फळमाश्या जमतात अशी नोंद केली. त्यातलं खरं ओढणारं द्रव्य मिथाइल युजेनॉल, हे त्यांनी १९१५ साली मांडलं.

नर ते खातो, पोटात त्याचं रूप बदलतं आणि मागच्या ग्रंथीत साठतं. मादीला बोलावताना तो तेच हवेत सोडतो. ज्याने ते खाल्लंय त्याच्याकडे माद्या जास्त जातात. म्हणूनच वडीत कीटकनाशक लागतं. नुसता वास टांगून ठेवलात तर नरांना तुम्ही अत्तर लावून पाठवलंत, एवढंच!

यातून दोन गोष्टी निघतात. सापळ्यात नरच सापडणार, आणि नर फळाला डंख करत नाही. त्यामुळे 'बाहेरच्या माश्या आमच्याकडे ओढल्या जातात' ही भीती नको. पण डबा भरला म्हणजे फळं वाचली, असंही नाही. आधीच नराशी गाठ पडलेली मादी अंडी घालतच राहते. एकट्या तुमच्या गच्चीवर सापळा लावून फार फरक पडत नाही. शेजारच्या दोन-तीन इमारतींनी मिळून लावला तर पडतो. फळ पिकण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरुवात करा. एप्रिल-मेच्या आंब्यासाठी म्हणजे फेब्रुवारीअखेर. वळवाच्या सरींनंतर झाडावर राहिलेल्या आंब्यांना माशी सर्वात जास्त लागते.

कारली, दुधी, दोडका, काकडी यांची माशी वेगळी. तिच्या पंखांवर तपकिरी डाग असतात आणि मिथाइल युजेनॉलला ती येत नाही. तिच्यासाठी क्यू ल्यूर या दुसऱ्या ओढणाऱ्या द्रव्याची वडी घ्या. 'सापळा चालत नाही' असे जे फोन आम्हाला येतात, त्यांतले बरेचसे चुकीच्या वडीचेच असतात. दोन्ही पिकं असतील तर दोन वेगळे सापळे, एकमेकांपासून लांब.

लावताना

हातमोजे घालूनच पाकीट फोडा. मिथाइल युजेनॉल अंगाला लागू देऊ नये, शिवाय वडीत कीटकनाशकही आहे. हाताला लागलेला वडीचा वास डब्याच्या बाहेरच्या बाजूला लागला तर नर बाहेरच बसून चाटत राहतात, आत शिरत नाहीत. डबा जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, सावलीत, वारा लागेल असा टांगा. तारेला मधोमध ग्रीसचा पट्टा लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या उचलून नेतात आणि डबा रिकामाच दिसतो. आठवड्यातून एकदा डबा झटका. सहा ते आठ आठवड्यांनी वडी बदला. पावसाचं पाणी आत गेलं असेल तर त्याआधीच.

सापळ्याइतकंच महत्त्वाचं

गळलेलं फळ झाडाखाली एक रात्रही ठेवू नका. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत दोन-चार सेंटीमीटर खोल कोष करतात, आणि दमट हवेत साधारण तीन आठवड्यांत अंड्यापासून पुन्हा माशी तयार होते. किडकं फळ कुंडीच्या मातीत किंवा कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकलंत तर माश्या तुम्हीच पाळल्या. काळ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा उकळत्या पाण्यात बुडवून मगच ओल्या कचऱ्यात द्या.

झाड लहान असेल तर पेरू लिंबाएवढा झाल्यावर त्याला कागदी पिशवी बांधा. देठाशी फट ठेवू नका, मादीला तेवढी पुरते. दहा-वीस फळांच्या झाडाला आम्ही हेच सांगतो, जरी त्यात आमची वडी विकली जात नसली तरी.

वापरलेली वडी कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून घरातल्या घातक कचऱ्यात वेगळी द्या. मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागू देऊ नका.