दर्या, दऱ्या आणि लिनक्स : गोव्यातल्या मराठी डेस्कटॉपची पार्श्वभूमी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप) नसलेली, पण अजून ठणठणीत चालणारी यंत्रं एका दिवसात 'जुनी' ठरली. 'यावर विंडोजऐवजी मोफत लिनक्स प्रणाली चढवू का?' हा प्रश्न तेव्हापासून पुन्हा कानावर यायला लागला. विचारणाऱ्याला ब्राउझर, वीजबिल आणि यूट्यूब एवढंच हवं असेल, तर उत्तर सोपं आहे: चढव, चालतं. त्याला मराठीत लिहायचं असेल, आणि घरात वीस वर्षांच्या मराठी फायली पडून असतील, तर मात्र थोडं मागं जावं लागतं.

१९९१ च्या सप्टेंबरात लिनक्सचा पहिला कर्नल, म्हणजे गाभा, बाहेर आला आणि ऑक्टोबरात युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती. दोन्ही घटना एकाच मोसमातल्या असल्या तरी गोव्याच्या टेबलावर त्या एकत्र यायला दीड दशक लागलं. मधल्या काळात शाळांना परदेशातून वापरलेले संगणक आणून देण्याचा एक उपक्रम इथे चालला. लायसन्सचा खर्च परवडत नसल्यानं त्यातल्या काही यंत्रांवर लिनक्स गेलं. पुढे अकरावीच्या मुलांना नाममात्र पैशांत संगणक देणारी सरकारी योजना आली आणि अनेक घरांत पहिला संगणक त्या वाटेनं शिरला. विंडोज तेव्हा सीडीवर 'मित्राकडून' मिळत असे, त्यामुळे फुकट लिनक्सचं कौतुक कुणाला वाटावं? 'मुक्त' म्हटलं तर इथे आधी १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आठवतो, आणि 'फुकट' म्हटलं तर माणसाला वाटतं, काहीतरी खोट असणार.

खरी सुरुवात २००५ च्या आसपासची. त्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, आणि उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या सीडी पैसे न भरता टपालानं घरी यायला लागल्या. मागणी नोंदवून काही आठवडे वाट पाहायची, मग पोस्टमन पाकीट घेऊन दारात. सीडीवरूनच यंत्र चालू करून बघायचं, आवडलं तर ठेवायचं. २०११ मध्ये ही टपालसेवा बंद झाली, पण तोवर हॉस्टेलांत आणि सायबर कॅफेत हात बसले होते. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात गेलेले रविवार त्या पिढीला अजून आठवतात.

मराठी अडली ती डीटीपीच्या दुकानांत. फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठेही जा: जत्रेची पत्रकं, नाटकांची हँडबिलं, लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल हे सगळं पेजमेकर या पानं जुळवण्याच्या विंडोज प्रोग्राममध्ये आणि जुन्या मराठी फॉन्टांत बसवलेलं. या फॉन्टांत मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर काढलेलं चित्र. फॉन्ट बदलला की 'श्री' चा एखादा कंस किंवा डॉलर होणार. शिवाय फॉन्टसोबत येणारा डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, संगणकाच्या पाठीमागे खोचलेला. पेजमेकर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन) कसंबसं उघडायचं, पण डोंगल ओळखला जायचा नाही. टंकनाचा प्रोग्राम विंडोजचाच, त्यामुळे फॉन्टची फाइल लिनक्सवर नुसती उतरवून जुना मजकूर दिसे, पण नवा लिहिता येत नसे. 'लिनक्सवर मराठी नाही' हा समज इथून पसरला, आणि तो चुकीचा होता. युनिकोड मराठी होती. दुकानांत युनिकोड नव्हतं.

युनिकोड आल्यावरही एक गाठ उरली, ती 'ऱ्य' ची. हे कोडं हिंदीवाल्यांना पडतच नाही, कारण त्यांच्याकडे 'र्य' एकच. आपल्याकडे दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, आणि दर्या ज्याच्या दारात आहे त्या गोवेकराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जुन्या फॉन्टांत 'ऱ्य' मधल्या अर्ध्या र ची ही आडवी चंद्रकोर स्वतःच्या जागेवर बसलेली असे, की दाबली की उमटायची. युनिकोडमध्ये तिला वेगळी जागा नाही. ती दोन अक्षरांच्या संयोगातून घडवायची, आणि त्याच्याही पद्धती दोन.

पहिली पद्धत इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतमानकाकडून आलेली: 'ऱ' हे टिंबवालं अक्षर, मग हलन्त, मग 'य'. गंमत म्हणजे हा 'ऱ' मुळात दाक्षिणात्य भाषांतला कडक र लिहिता यावा म्हणून ठेवलेला. मराठीची चंद्रकोर त्याच्या खांद्यावर बसली. दुसरी पद्धत युनिकोड २.० च्या काळातली: साधा 'र', हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. मानकानं जुन्याशी जुळावं म्हणून ती जिवंत ठेवली. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण साध्या शोधात 'दऱ्या' टाकलं की एका पद्धतीचं सापडतं, दुसरीचं निसटतं. शब्दकोशात एक रूप असेल तर दुसऱ्याखाली लाल रेघ.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळपाटावर लिहिणाऱ्याला यात विचार करावा लागत नाही. शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य. लिनक्सच्या देवनागरी कळपाटात ही सोय आधीपासून होती, कारण तो कळपाट इनस्क्रिप्टचाच. इंग्रजी अक्षरांवरून (फोनेटिक) लिहिणाऱ्यांची मात्र साधनागणिक वेगळी तऱ्हा, आणि काही साधनांतून ती अदृश्य खूण गुपचूप मजकुरात शिरायची. इनस्क्रिप्ट शिकायला आठवडा लागतो, तेवढाही न दिल्यामुळे केवढा मजकूर दुभंगला, असं माझं मत आहे. फोनेटिकवाले मित्र ते मानत नाहीत. त्यातच ती खूण न समजणारा प्रोग्राम चंद्रकोरीऐवजी सरळ रफार काढायचा. सत्तरी तालुक्याच्या जंगलांवरच्या एका पत्रकात 'डोंगरदर्या' छापून आलेलं मी पाहिलंय. डोंगर आणि समुद्र एकाच सहलीत!

भाषा निवडतानाचा पेच खास गोव्याचा. १९८७ च्या कायद्यानं देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराला मुभा राहिली. तो वाद इथे उकरत नाही. पण लिनक्स बसवताना 'भाषा कोणती' असं यंत्र विचारतं, आणि उत्तरावर 'ल' आणि 'श' चं वळणसुद्धा अवलंबून असतं. मजकूर मराठी आहे हे कळलं तर चांगला फॉन्ट मराठी वळण देतो, नाहीतर हिंदी. कोकणीसाठी ही सोय प्रत्येक फॉन्टात असतेच असं नाही.

पुढचं भराभर घडलं. पडद्यावर अक्षरं जोडून दाखवण्याचं काम हार्फबझ या प्रोग्रामकडे गेलं. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचानं लिनक्सवर ते २०१३ च्या ४.१ पासून घेतलं आणि २०१७ च्या ५.३ मध्ये सगळीकडे. चंद्रकोर आता दोन्ही पद्धतींनी नीट उमटते. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला तेव्हाही लिनक्सकडे वळणाऱ्यांची एक लाट आली होती. मोबाइलवर लोक युनिकोडच लिहितात, त्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं.

राहिल्या त्या जुन्या हार्डडिस्क. नाटकांच्या संहिता, देवस्थानांच्या स्मरणिका, वडिलांची पत्रं, सगळं चित्राक्षरांत. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत आणि बरेच बरे चालतात. पण जुन्या चंद्रकोरीचं रूपांतर कुठल्या पद्धतीनं करायचं हे कन्व्हर्टर लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, म्हणून फाइल बाहेर पडली की मी पहिला शोध 'दऱ्या' चाच घेतो. एकदा शिफ्ट-जेनं, एकदा जोडखुणेनं.