आयफोन असा काहून आणि अँड्रॉइड तसा काहून: भांडणाच्या मागची जुनी गोष्ट

आयफोनवर कोणतंही यूपीआय ॲप नव्यानं सुरू केलं की ते एक तयार एसएमएस समोर आणून ठेवतं आणि म्हणतं सेंड तुम्हीच दाबा. अँड्रॉइडवर तोच एसएमएस ॲप एकदा परवानगी घेऊन मागच्या मागे पाठवून देतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. ॲप तेच, बँक तीच, सिम तेच, मग हा फरक काहून? नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार सांगतो "ॲपलचं सगळं असंच किचकट असते भाऊ", आयफोनवाला छाती फुगवून सांगतो "सेक्युरिटी". दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत. पण खरं कारण २००७-०८ च्या सुमाराला घेतलेल्या निर्णयांत आहे, आणि त्या वेळी ते निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यासमोर यूपीआय तर सोडा, भारतातला ग्राहकही फारसा नव्हता. आज आपण ज्या ज्या फीचरवरून भांडतो ना, त्यातलं बरंचसं तेव्हाच ठरून गेलं होतं, असं माझं मत.

सुरुवात सिम्बियनपासून, म्हणजे नोकियाच्या जुन्या स्मार्टफोनांतल्या सिस्टीमपासून करावी लागते. जून १९९८ मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून त्याच नावाची कंपनी काढली, आणि सायॉनच्या हातात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधली ईपॉक नावाची सिस्टीम तिचा पाया. त्या काळी फोनमध्ये मेमरी इतकी कमी की प्रोग्राम लिहिणाऱ्यानं घेतलेल्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब स्वतः ठेवायचा, वापरून झालं की परत करायचा, नाही केला तर फोन हळूहळू गुदमरणार, कारण लोक फोन महिनोनमहिने बंद करायचे नाहीत. म्हणून बॅटरी टिकायची, म्हणून नोकिया ६६०० आणि एन७० वाले अजून त्या आठवणी काढतात. पण त्याच कारणामुळे सिम्बियनवर ॲप लिहिणं म्हणजे डोक्याला ताप होता.

त्यात २००४ मध्ये कॅबिर नावाचा वर्म (व्हायरसचाच भाऊ) आला, ब्लूटूथवरून एका फोनातून दुसऱ्यात जाणारा. पुढच्या व्हर्जनमध्ये मग नियम कडक झाले, फाईल सही केलेली पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे. आणि आपले लोक? "सर्टिफिकेट एक्स्पायर्ड" आलं की फोनची तारीख मागं करायची, ॲप टाकायचं, तारीख परत पुढं. हा जुगाड त्या वेळी कॉलेजातल्या पोरापोराला माहीत होता. सेक्युरिटी त्रासदायक केली की लोक तिला वळसा घालतात, हे तेव्हाच दिसलं होतं. टच स्क्रीन आल्यावर मात्र सिम्बियनची दमछाक झाली, कारण सगळी मांडणी बटणांसाठी होती आणि टच वरून चिकटवला होता, २००८ च्या नोकिया ५८०० मध्ये यादीतली गोष्ट उघडायला एकदा टॅप करून निवडायचं आणि परत टॅप करून उघडायचं. ज्यानं वापरला त्याला कळेल.

ब्लॅकबेरीचं थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या रिसर्च इन मोशननं सगळा भर मेलवर दिला, १९९९ पासून, आणि मेल कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमधून दाबून, कुलूप लावून फोनवर ढकलला. डेटा कमी लागायचा, बॅटरी वाचायची. पण जीव सर्व्हरमध्ये असल्यामुळे २०१० मध्ये आपल्या सरकारनं तपास यंत्रणांना मेसेज बघता आले पाहिजेत म्हणून सेवा बंद करायची धमकी दिली आणि बराच काळ तो वाद चालला. आज व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनवर जे वाद ऐकतो त्याची पहिली फेरी तीच.

९ जानेवारी २००७ ला आयफोन दाखवला गेला आणि त्यात काय होतं यापेक्षा काय नव्हतं ते बघण्यासारखं आहे. थ्रीजी नाही, एमएमएस नाही, व्हिडिओ रेकॉर्डिंग नाही, बाहेरचं ॲप नाही, कॉपी पेस्टसुद्धा नाही (ते जून २००९ मध्ये आलं). नोकियावाले हसले होते, आणि कागदावर बघितलं तर एन९५ खरंच जास्त भारी होता. पण ॲपलनं एक गोष्ट पकडून ठेवली होती, बोट जिथं जाईल तिथं स्क्रीननं लगेच गेलं पाहिजे. स्क्रीन हलवायचं काम पहिल्यापासून ग्राफिक्स चिपकडे दिलं आणि समोर उघडं असलेल्या ॲपशिवाय बाकीच्यांना जवळपास काहीच करू द्यायचं नाही असं ठरवलं. १० जुलै २००८ ला ॲप स्टोअर आलं तेव्हाही प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद, दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही. एसएमएस पाठवायचा असेल तर ॲपनं ॲपलचीच खिडकी उघडायची आणि सेंड माणसानं दाबायचं. यूपीआयची ती कटकट इथून आलेली आहे. पैसे कापणारे मेसेज गुपचूप पाठवणाऱ्या फसव्या ॲपचा धंदा आयफोनवर जमला नाही तोही याच दरवाज्यामुळे, तेव्हा नुसतं नाव ठेवण्यात अर्थ नाही.

भारतात आयफोन थ्रीजी २२ ऑगस्ट २००८ ला आला, एअरटेल आणि व्होडाफोनकडून, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. अमेरिकेत १९९ डॉलर ऐकून बसलेल्या लोकांचा केवढा हिरमोड झाला! तिकडे ती किंमत दोन वर्षांच्या करारावर होती, इकडे आपण पडलो प्रीपेडवाले.

आता अँड्रॉइड. २००३ मध्ये अँडी रुबिन आणि मंडळींनी कंपनी काढली ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी, मग फोनकडे वळले, २००५ मध्ये गूगलनं विकत घेतली. गूगलला भीती होती की उद्या फोनवर मायक्रोसॉफ्टनं कब्जा केला तर आपला सर्च कोण वापरणार, म्हणजे फोन विकून पैसे कमावणं हा उद्देशच नव्हता, शक्य तितक्या फोनांत घुसणं हा होता. पहिला नमुना ब्लॅकबेरीसारखा कीबोर्डवाला होता, आयफोन दिसल्यावर तो बाजूला ठेवून टचवाल्यावर जोर दिला. ५ नोव्हेंबर २००७ ला ओपन हँडसेट अलायन्स ही कंपन्यांची आघाडी जाहीर झाली आणि २००८ मध्ये एचटीसीचा जी१ आला.

कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही प्रोसेसरवर चाललं पाहिजे म्हणून ॲप जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचे आणि मधे डाल्विक नावाचा थर ते चालवणार. जावा येणारे लोक ढिगानं होते त्यामुळे ॲपची संख्या भराभर वाढली (जावाची मालक कंपनी ओरॅकलनं २०१० मध्ये गूगलला कोर्टात खेचलं, निकाल गूगलच्या बाजूनं लागायला एप्रिल २०२१ उजाडलं, ते वेगळंच). पण त्या थरात वापरून झालेली मेमरी गोळा करायला एक सफाईवाला मधूनमधून फिरायचा आणि तो फिरला की स्क्रीन अडखळायची. त्यातच आधीच्या अँड्रॉइडमध्ये स्क्रीन रंगवायचं कामही मेन प्रोसेसरवर होतं, ते ग्राफिक्स चिपवर गेलं २०११ मध्ये ३.० पासून, आणि २०१२ च्या जेली बीन व्हर्जनमध्ये गूगलनं प्रोजेक्ट बटर काढून अडखळणं बऱ्यापैकी कमी केलं. "आयफोनला ४ जीबी रॅम आणि अँड्रॉइडला ८, तरी दोन्ही सारखेच कसे पळतात बे" याचं मोठं कारण हे आहे.

दुसरी गोष्ट, अँड्रॉइडमध्ये सगळी ॲप बरोबरीची. डायलर बदला, कीबोर्ड बदला, होम स्क्रीनसुद्धा बदला. आयफोनला बाहेरचा कीबोर्ड लावायला २०१४ उजाडलं. अनोळखी नंबर आला की ट्रूकॉलर अँड्रॉइडवर लगेच नाव दाखवायचं आणि आयफोनवर वर्षानुवर्षं अर्धवट चालायचं, तेही यामुळेच. पण मोकळेपणाची किंमत अशी की २०१५ च्या मार्शमॅलो व्हर्जनपर्यंत परवानगी म्हणजे इन्स्टॉल करताना सगळ्याला हो म्हणा नाहीतर ॲप विसरा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट कशाला पाहिजेत हे विचारायची सोयच नव्हती. २०१९ पासून गूगलनं एसएमएस वाचायच्या-पाठवायच्या परवानगीवरही बंधनं आणली, म्हणजे फिरून थोडं ॲपलच्या वाटेवर.

आता आपल्याकडचं. दोन सिम हा प्रश्न ना कॅलिफोर्नियात कोणाला पडला होता ना फिनलंडमध्ये. नागपूरवाल्याला मात्र तो रोजचा होता, कारण आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये आणि शिवनी-छिंदवाडा कडे गेलं की मध्य प्रदेश सर्कल सुरू, तेव्हा रोमिंग लागलं की येणाऱ्या कॉलचेही पैसे पडायचे, मग माल घेऊन तिकडे जाणारा माणूस दोन सिम ठेवायचाच. ही गरज भागवली तैवानच्या मीडियाटेकनं, ज्यांनी चिपसोबत जवळपास तयार फोनच बांधून दिला आणि मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा यांनी तो आपल्या नावानं विकला. अँड्रॉइडमध्ये अधिकृतपणे दोन सिमची सोय आली २०१५ च्या ५.१ मध्ये, तोपर्यंत हे सगळं चिपवाल्यांच्या जोडकामावर चाललं होतं. आयफोनमध्ये दुसरं सिम आलं २०१८ ला, तेही ई-सिम म्हणून.

आणि मराठी! अँड्रॉइड २.२, २.३ वर मराठी वेबसाईट उघडली की नुसते चौकोन दिसायचे. काही कंपन्यांनी फॉन्ट टाकले होते तर त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची, कारण फॉन्ट असून भागत नाही, अक्षरांची जागा ठरवणारा भागही लागतो आणि तोच नव्हता. त्यावर ऑपेरा मिनीमध्ये ॲड्रेसच्या जागी ऑपेरा कॉन्फिग लिहून एक सेटिंग चालू करायचा जुगाड होता, मग सर्व्हर मराठी मजकुराची चित्रं करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा पण बातमी तर वाचता यायची. २०११ चं ४.० आणि त्यानंतरच्या जेली बीननंतर हे दुखणं हळूहळू गेलं. स्वस्त फोनवर मराठी नीट दिसायला लागलं त्या दिवसापासून अँड्रॉइड इथं खऱ्या अर्थानं जिंकलं असं मला वाटतं, प्रोसेसर-बिसेसर नंतर.

मधे बाकीचेही येऊन गेले. नोकियानं फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा हात धरला, विंडोज फोनच्या टाइल्स दिसायला सुंदर होत्या आणि ल्युमिया ५२० तर ५१२ एमबी रॅमवर लोण्यासारखा चालायचा. पण व्हर्जन ७ वाल्यांना ८ मिळालंच नाही, कारण आतला गाभाच बदलला होता, आणि ॲप नेहमी उशिरा यायची किंवा यायचीच नाहीत. ग्राहक नाही म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून ग्राहक नाही, त्यात तो संपला. फायरफॉक्स ओएस २०१४ मध्ये १,९९९ रुपयांच्या इंटेक्सवर आलं आणि पडलं, पण त्याच्याच कोडमधून काईओएस निघालं आणि २०१७ च्या जिओफोनमध्ये बसलं. बटणांचा फोन, १,५०० रुपये डिपॉझिट, पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपही. प्लॅटफॉर्म मरतात तरी त्यांचे तुकडे जगतात ते असे.

उन्हाचंही सांगितलं पाहिजे. ॲपलच्याच कागदावर आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश लिहिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ४५ पार! गाडीच्या काचेला मॅप लावून दुपारी वर्धा रोडनं निघालं की फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी थंड होऊ द्या म्हणून पाटी लावतो. अँड्रॉइडवालेही तापतात, फक्त किती तापल्यावर काय करायचं हे तिथं ज्या त्या कंपनीनं ठरवायचं, म्हणून एक फोन लवकर मंदावतो तर दुसरा हात भाजेपर्यंत चालत राहतो.

पैसा कुठून येतो यावरही बरंच ठरलं. ॲपल मुख्यतः फोनवर कमावतं. अँड्रॉइड बनवणाऱ्यांची आपसातली मारामारी इतकी की शाओमीनं २०१८ मध्ये हार्डवेअरवर ५ टक्क्यांहून जास्त नफा घेणार नाही असं जाहीर केलं, मग बाकीची भरपाई सेटिंगमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींतून. आणि गूगल कमावतं ते फोनांत आपली ॲप आधीच भरून, आपला सर्च पुढं ठेवून. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानं याच आधीच भरून दिलेल्या ॲपच्या सक्तीवरून गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला.

राहिले अपडेट. ॲपलचा फोन, ॲपलची सिस्टीम, मधे कोणी नाही, म्हणून २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ चं आयओएस १५ मिळालं. अँड्रॉइडचं अपडेट गूगलकडून चिपवाल्याकडे, तिथून फोनवाल्याकडे, आणि फोनवाल्याला जुन्या मॉडेलवर मेहनत करण्यात रस काय? २०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट ट्रेबलनं चिपचा भाग आणि सिस्टीमचा भाग वेगळा केला, तेव्हा कुठं काम सोपं झालं, आणि गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगच्या २०२४ च्या गॅलक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेटचं वचन मिळालं. ते आता हळूहळू खालच्या किमतीतही उतरून राहिलंय, पण सेकंडहँड बाजारातले बरेचसे अँड्रॉइड त्याच्या आधीचे आहेत, म्हणून जुना घेताना कॅमेरा बघायच्या आधी सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघून घ्या.