अंगावर काढलेली गाठ

बाळाला दूध देणं म्हणजे ‘अंगावर पाजणं’, आणि दुखणं कुणाला न सांगता सोसत राहणं म्हणजे ‘अंगावर काढणं’. छातीत गाठ हाताला लागली की बाईच्या मनात बहुतेक वेळा पहिलं हेच येतं: दुधाची गाठ असेल, जिरेल. मग ती अंगावर काढते. दुखत नाही, हे त्याचं मोठं कारण. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि ज्वारीची काढणी चालू असताना न दुखणाऱ्या गाठीसाठी खाडा कोण करणार?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, स्तनाच्या कर्करोगासाठी कधी तपासणी करून घेतली आहे का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही. आणि २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा, ९८ हजारांचा त्यात मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

बायका येत नाहीत कारण त्या अडाणी आहेत, असं चटकन म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही, आणि त्याला कारण आहे मुंबई.

१९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे २० गट पाडले. निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या तपासणी झाली. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायचं, यंत्र नव्हतं, नुसता हात. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी आधी हलकं, मग थोडं, मग खोल दाबत स्तन इंच इंच चाचपायचा आणि काखही सोडायची नाही, अशी ही तपासणी असते. ती डॉक्टरांनी नव्हे, खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली. त्या घरोघरी जाऊन बोलावत, तपासणी वस्तीजवळ होई, बाईला बाईच तपासे आणि पैसे पडत नसत. दर फेरीला बोलावलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश स्त्रिया आल्या.

२०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, म्हणजे उशिरा, सापडलेले कर्करोग ३७ टक्के होते, तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगायलाच हवं.

मॅमोग्राफी का नाही? यंत्र महाग, फिल्म वाचणारा तज्ज्ञ तालुक्याला नसतो. शिवाय आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. तरुण स्तनाच्या ऊती दाट असतात, फिल्मवर पांढऱ्या दिसतात. गाठही पांढरीच, त्यामुळे ती त्यात लपते.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची हातानेच तपासणी करायची आहे. सुरुवात आशाताईच्या फॉर्मपासून होते. त्यात प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का? स्तनाग्रातून रक्त मिसळलेला स्राव येतो का? आकार बदलला आहे का? आता हे प्रश्न ओट्यावर बसून विचारले जातात असं समजा. शेजारी सासूबाई शेंगा फोडतायत, दारात दीर चपला घालतोय. ‘स्तन’ हा शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारलेला नाही. बायका ‘छाती’ म्हणतात, तेही आवाज खाली आणून. आशाताई शब्द बदलते, ‘छातीत काही लागतं का गं हाताला?’ सून मान हलवते, नाही. फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते. गाठ असली तरी उत्तर हेच आलं असतं.

पुढे उपकेंद्रात कित्येक ठिकाणी तपासणारा समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असतो, खिडकीला पडदा नसतो. घरी नवऱ्याला किंवा सासूला विचारल्याशिवाय निघता येत नाही. आणि ‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ हे वाक्य गावोगाव पाठ आहे. उशिरा आलेल्या बायका दगावल्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. वेळेवर येऊन बऱ्या झालेल्या त्याबद्दल बोलतच नाहीत, कारण घरात लग्नाच्या मुली असतात.

समजा हे सगळं ओलांडून एखादीची गाठ सापडली. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं. चिठ्ठी घेऊन ती जिल्ह्याच्या गावी जाते. पहिल्या दिवशी केसपेपर, सोनोग्राफीला पुढची तारीख, बायॉप्सीला (गाठीचा तुकडा काढून तपासायला) आणखी एक, रिपोर्टसाठी चौथी फेरी. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशनचा, केमोचा खर्च निघू शकतो. एसटीचं भाडं, तिचे चार खाडे आणि सोबत येणाऱ्याचेही चार खाडे कुठल्याच पॅकेजात बसत नाहीत. तिसऱ्या फेरीला बाई येत नाही, ती पुष्कळदा यामुळे.