दर्या, दऱ्या आणि अर्धा र

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. दोन्हींत अर्धा र आहे. एकात तो रफार होऊन डोक्यावर बसतो, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा ‘य’च्या अलीकडे येतो. गेल्या गणपतीत चित्रं बनवणाऱ्या एका एआय साधनाकडे मी पोस्टर मागितलं. त्यावर ‘दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम’ एवढीच ओळ हवी होती. समया, फुलं, मखरातला उजेड, सगळं देखणं आलं. ओळीत मात्र ‘दुसर्या’ होतं, आणि ‘कार्यक्रम’मधला रफार सरकून ‘क्र’वर गेला होता.

आपल्या अक्षरांची अशी ओढाताण जुनीच आहे. मुंबईतले मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. तिथे हाताने लिहिलेलं अक्षर जसंच्या तसं कागदावर उतरे. धातूच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या छपाईत मात्र मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांचे शेकडो खिळे ओतावे लागले आणि खिळे जुळवणाऱ्याच्या पुढ्यात खणांचा डोंगर उभा राहिला. 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींनी या अडचणीतूनच इतके सुबक टंक घडवले की देशभर त्यांचं नाव झालं. पुढे सावरकरांनी लिपीच यंत्राला सोयीची करायचा प्रयत्न केला. ‘इ, ई, उ, ऊ’ऐवजी ‘अि, अी, अु, अू’ लिहिलं की खिळे वाचत. काहींनी ते नेटाने चालवलं, पण सर्वसाधारण लेखनात ते टिकलं नाही. मला ते योग्यच वाटतं. यंत्रासाठी लिपी बदलण्याआधी यंत्र बदलून पाहायला हवं.

छापखाना थकायचा तिथे कुंचला कामी यायचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षकं पाहा: नाटक कुठल्या जातीचं आहे ते अक्षरांच्या वळणावरूनच कळतं.

संगणकावर सुरुवातीला ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याची त्याची सांकेतिक पद्धत होती. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे उघडला की नुसता कचरा दिसायचा. सगळ्या लिप्यांसाठी एकच सांकेतिक पद्धत देणाऱ्या युनिकोडने तो घोळ मिटवला. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. त्यांनी जेजे या मुंबईच्या कलाशाळेत आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं होतं. म्हणजे कुंचल्याचा हात असलेला माणूसच संगणकापाशी बसला होता. युनिकोडमध्ये आपल्या त्या चंद्रकोरीलाही जागा आहे: ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’. तरीही वर्षानुवर्षं आपण ‘दुसर्या’ टाइप करत राहिलो, कारण कळफलकावर ‘ऱ’ कुठे आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

2022 पासून घरोघरी पोचलेली चित्रसाधनं याहून वेगळी आहेत. त्यांच्यातली बरीचशी अक्षराला लिपी म्हणून ओळखत नाहीत, आकार म्हणून रंगवतात. अलीकडे छोट्या ओळी पुष्कळदा नीट येतात, पण जोडाक्षराशी अजूनही घसरतात. म्हणून डिझाइन शिकणाऱ्या मुलांनी साधनाला सूचना द्यायला शिकावंच, पण बोरूने बाराखडीही गिरवावी, असं मला मनापासून वाटतं. ‘दऱ्या’ची चंद्रकोर ज्याने एकदा हाताने काढली आहे, त्याला पडद्यावरचा चुकलेला रफार लगेच खटकतो.

त्या पोस्टरवरची ओळ मी पुसली आणि ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केली. ‘ऱ’, हलन्त, ‘य’. चित्र तेच ठेवलं.