लेकरांशी बोलायला ट्रेनिंग कशाला? एक खुलासा

‘चार लेकरं वाढवलेल्या बाईला लेकरांशी बोलायचं ट्रेनिंग कशाला?’ अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण निघालं की आमच्या यवतमाळ भागात पारावर हे हमखास ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे. घरी दोन-चार लेकरं असतात. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस एकाच खोलीत. माया असतेच, पण त्या गलक्यात एकेकाचं ऐकून त्याचंच बोलणं पुढं नेणं हे कसब आहे. आणि ते शिकता येतं.

मी पाहिलेलं सांगते. चार वर्षांचा पोरगा कापसाचं बोंड घेऊन आला. ‘फेक ते, हात धू’ म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. सेविका त्याच्यासमोर उकिडवी बसली. “कुठून आणलं रे?” आणि गप्प राहिली. पोरगा बोंडाकडं पाहत राहिला, मग म्हणाला, “मायनं येचलं. आत सरकी हाय.” “हो? किती हायेत, पाहू!” दोघं मोजायला लागले.

ते गप्प राहणंच सगळ्यात अवघड. मोठ्यांना उत्तर देऊन टाकायची घाई असते. तिनं त्याची वऱ्हाडीही दुरुस्त केली नाही. कोलामी, गोंडी बोलणाऱ्या लेकरांसाठी तर हे फारच मोलाचं.

‘अंगणवाडी म्हणजे खिचडी’ हेही खरं नाही. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून पूर्वप्राथमिक शिक्षण तिचा भाग आहे. २०२३ पासून केंद्र सरकारच्या ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमात सेविकांना त्याचंही प्रशिक्षण दिलं जातं.