पार्श्वभूमी : विश्वामित्रीचे काठ आणि मगरी

ऑगस्ट २०२४च्या पुरात छपरावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला. त्या तीन दिवसांत बडोद्याच्या वस्त्यांमधून चोवीस मगरी पकडल्या गेल्या. तेव्हापासून बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचा विषय निघाला की बोलणे मगरींच्या संख्येवर येऊन थांबते. नदीच्या परिसंस्थेचा अभ्यास करणारे मात्र आधी काठांबद्दल विचारतात, आणि त्यांचे विचारणे जास्त सयुक्तिक आहे.

पावागडच्या डोंगरातून निघून, आजवा तलावाच्या बाजूने ही नदी बडोद्यात कमाटीबागेपाशी येते. जुन्या अंकोट्टकाची, म्हणजे आजच्या अकोट्याची वस्ती पुरांमुळे पूर्वेच्या उंचवट्यावर सरकली आणि तिथून शहर वाढले, असे सांगतात. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचा मातीचा बांध झाला आणि तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात येऊ लागले. पाण्याची ददात मिटली, पण पावसाळ्यात नदी किती चढणार हे त्या तलावाच्या दरवाज्यांवरही अवलंबून राहू लागले. खाली ढाढर नदी तुडुंब असली की विश्वामित्रीला पुढे वाट मिळत नाही. हे फुगलेले पाणी पूर्वी कोतरांमध्ये, म्हणजे काठालगतच्या घळींमध्ये पसरायचे. गेल्या काही दशकांत त्यातली बरीच कोतरे भराव टाकून बुजवली गेली आणि त्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडून शहरात पूर आला, त्याआधीच हे सगळे होऊन गेले होते.

मगरींना संरक्षण मिळाले ते १९७२च्या वन्यजीव कायद्याने. १९७५पासून देशभर मगर संवर्धनाचा कार्यक्रमही राबवला गेला. भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरींनी असे टिकून राहावे, हे दुर्मीळच. याला सांडपाण्याचाही हातभार आहे, हे कबूल करायला हवे. उन्हाळ्यात पात्रात जे पाणी दिसते, त्यातले बरेचसे शहराच्या गटारांचे असते. मगर ते सोसते, पण काठ गेला तर तिचा निभाव लागत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पुराच्या रेषेच्या वर, मातीत हातभर खड्डा करून वीस-तीस अंडी घालते. पिल्ले नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरते. उन्हाच्या आणि थंडीच्या तडाख्यात मगरी काठात खोल कोरलेल्या बिळांत शिरून बसतात. म्हणजे मगरीला पाण्याइतकीच उतरती, मऊ, झाडोऱ्याची माती लागते. मऊ पाठीची कासवेही अंडी घालायला अशाच मातीवर येतात.

अहमदाबादच्या साबरमतीच्या धर्तीवर इथेही रिव्हरफ्रंटची, म्हणजे नदीचे काठ बांधून सुशोभित करण्याची योजना पुढे आली, तेव्हा आक्षेप निघाला तो याच मातीवरून. साबरमतीच्या भिंतींआड कालव्याचे पाणी अडवून ठेवलेले आहे. विश्वामित्री अरुंद, नागमोडी आणि जिवंत काठांची. तिला तेच माप लावणे मुळातच चुकीचे होते. पर्यावरण मंजुरी न घेता काम सुरू झाल्याची तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठापुढे गेली. २०१६मध्ये अंतरिम मनाई झाली आणि २५ मे २०२१ला अंतिम निकाल लागला. नदीची हद्द आखा, भराव आणि अतिक्रमणे काढा, काठावर झाडे लावा, मगरींच्या विणीच्या जागा जपा, असा त्याचा रोख. निकालाच्या बातम्या भरपूर झाल्या. हद्द आखण्याचे काम त्या मानाने फारच रेंगाळले.

२०२४च्या पुरानंतर वारे फिरले. ज्यांच्या घरात छातीएवढे पाणी शिरले, त्यांना बिळे आणि घरटी ऐकवणे सोपे नव्हते, आणि त्यांचा राग खोटाही नव्हता. २०२५च्या उन्हाळ्यात पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम पावसाच्या आत उरकायचे ठरले. यंत्रे काठावर उतरली तो काळ नेमका अंडी उबण्याचा. पात्रातला गाळ आणि राडारोडा काढायला फारसा कोणाचा विरोध नव्हता. वाद होता तो काठ तासून एकसारखा उतार देण्याचा. त्या उतारावरची जुनी झाडे आणि बिळे एकदा गेली, की पुढच्या पुरात माती धरून ठेवायला काय उरते, हा अभ्यासकांचा सवाल होता. कोतरे मोकळी करण्याचा उपाय कागदावर सगळ्यांनाच मान्य होता, पण ज्या जमिनींवर आता घरांचे दस्त झालेले आहेत त्यांना हात कोण लावणार?

खोदकामाआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या गणनेत मगरींची संख्या चारशेच्या वर भरली. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. एक म्हणते, मगरी फार झाल्या. दुसरी म्हणते, नदी अजून जिवंत आहे. पण मोठ्या मगरी मोजून काठांची हानी कळत नाही. मादी वयात यायला सहा ते दहा वर्षे लागतात आणि मगर कित्येक दशके जगते. एखाद्या उन्हाळ्यातली वीण वाया गेली, तरी पुढच्या गणनेत काठावर ऊन खात पडलेल्या मोठ्या मगरी तेवढ्याच दिसतील. ही हानी कळायला दर जूनमध्ये पिल्ले आणि घरटी वेगळी मोजावी लागतील, तीही काठ तासलेल्या आणि न तासलेल्या टप्प्यांत स्वतंत्रपणे.