बॅड सेक्टर वेगळा आणि वीक बिट वेगळा, किती वेळा सांगायचं

पाऊस सरला की रत्नागिरीत घराघरात माळे साफ होतात आणि माझ्याकडे जुन्या फ्लॉप्या यायला लागतात, पांढरी बुरशी चढलेल्या. सोबत एखादा जाणकार असतोच, "जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम बॅड सेक्टर मारायचे ना, तेच वीक बिट". तेच नाही हो!

बॅड सेक्टर तुम्हाला माहितीये. सेक्टर म्हणजे फ्लॉपीवरचा ५१२ बाइटचा तुकडा, त्याची सीआरसी (बरोबर वाचलं का ते ताडून बघायची बेरीज) जुळत नाही, ड्राइव्ह खरखरतो, एरर. फुटकं कौल जसं, गळणार तर तिथंच. याच जातीची युक्ती कॉपी प्रोटेक्शनला, म्हणजे डिस्कची नक्कल अडवायलाही वापरलीय, प्रोलॉक नावाच्या संरक्षित डिस्कवर पुसता न येणारी खूणच असायची.

वीक बिट हीसुद्धा नक्कल अडवायचीच युक्ती, पण तिची गंमत न्यारी. फ्लॉपीवर शून्य-एक लिहिलेले नसतातच, चुंबकत्वाची दिशा कुठे पलटली एवढंच असतं, आणि ठराविक वेळात पलटी दिसली तर एक, नाही तर शून्य. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत हा वेळ साधारण १ मायक्रोसेकंद. आता ती पलटी बरोब्बर दोन वेळांच्या सीमेवर ठेवली तर? भाट्याच्या किनाऱ्यावर लाट जिथवर पोचते तिथंच काठी रोवून बघा, एक लाट भिजवते, पुढची अलीकडूनच परत जाते. फ्लॉपीची गती फेरीगणिक किंचित बदलते, त्यामुळे तोच बिट कधी एक, कधी शून्य. दुसरा प्रकार म्हणजे बराच पट्टा पलटीच ठेवायची नाही, मग ड्राइव्ह काही ऐकू येत नाही म्हणून सिग्नल वाढवत नेतो आणि नुसत्या खरखरीलाच बिट समजतो.

प्रोग्राम तो सेक्टर दोन-चारदा वाचतो, दरवेळी वेगळं आलं तर ओरिजिनल, सारखंच आलं तर कॉपी. १९८७ साली अटारी एसटीवर आलेल्या डंजन मास्टर गेममध्ये हेच होतं. आणि लोक अडकतात ते इथेच, की कॉपी खराब होते म्हणून पकडली जात नाही, ती जास्तच चांगली होते. कॉपी करताना ड्राइव्हला त्या क्षणी जे दिसलं ते तो स्वच्छ, मधोमध लिहून टाकतो, काठीचा फोटो काढल्यासारखं, एकतर ओली नाहीतर कोरडी, आणि फोटो कितीदाही बघा, तसाच.

(सीडीवरचा वीक सेक्टर हा तिसराच प्राणी, तिथे रायटरला लिहिताना त्रास होतो. त्याला यात ओढू नका.)

बुरशीनेही वाचन दरवेळी बदलू शकतं हे खरंय, पण बुरशी ठिगळासारखी शेजारच्या ट्रॅकवरही (फ्लॉपीवरच्या गोल रांगा) पसरते आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळू पुसलं की बऱ्याचदा फरक पडतो. आजूबाजूचं सगळं लख्ख आणि एकच सेक्टर चळलेला असेल तर हात लावू नका. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल या फ्लॉपी वाचायच्या खास उपकरणांनी चार-पाच फेऱ्यांचा फ्लक्स, म्हणजे पलट्यांची कच्ची नोंद घ्या, साधी सेक्टर इमेज घेऊन उपयोग नाही, ती पण फोटोच. आणि ते डिस्क रिपेअरवाले प्रोग्राम माझ्यासमोर काढूच नका, डोकं फिरतं.

गेल्या वर्षी देवगडचे एक बागायतदार काका आंब्याच्या जुन्या हिशोबाच्या प्रोग्रामची की-फ्लॉपी (ती आत असेल तरच प्रोग्राम चालतो) घेऊन आलेले, पुतण्याने आधीच "रिपेअर" केलेली. एकूण एक सेक्टर ठणठणीत. लावली, तर प्रोग्राम म्हणतो ओरिजिनल डिस्क टाका.